गेन म्हणजे आवाजाचे बटण नव्हे

गाडीतल्या अ‍ॅम्प्लिफायरबद्दल येणाऱ्या बहुतेक प्रश्नांच्या मुळाशी एकच गैरसमज असतो, की गेन ही अ‍ॅम्प्लिफायरवरची कळ आवाज वाढवण्यासाठी असते; म्हणून त्यांची उत्तरे येथे एकत्र देत आहे.

प्रश्न : गेन पूर्ण फिरवल्यास ताकद वाढते का?

नाही. स्टिरिओकडून येणाऱ्या सिग्नलशी अ‍ॅम्प्लिफायरचा मेळ घालणे, एवढेच गेनचे काम आहे.

प्रश्न : ३०० वॅट आरएमएसचा (म्हणजे तेवढी ताकद सतत देणारा) अ‍ॅम्प्लिफायर आणि तेवढ्याच क्षमतेचा ४ ओहमचा सबवूफर (खर्जाचा स्पीकर) आहे. घरच्या मल्टिमीटरने गेन लावता येईल का?

येईल. वॅट आणि ओहम यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ काढावे. १२०० चे वर्गमूळ साधारण ३४.६ व्होल्ट येते. सबवूफरच्या तारा सोडवाव्यात, गेन किमान ठेवावा, बेस बूस्ट (खर्ज वाढवणारी कळ), लाउडनेस आणि इक्वलायझर शून्यावर आणावेत. स्टिरिओचा आवाज तीन चतुर्थांश ठेवून ५० हर्ट्झचा, शून्य डेसिबल पातळीचा टोन लावावा, आणि सबवूफरच्या तारा सोडवलेल्या टोकांना लावून एसी व्होल्टवर ठेवलेल्या मीटरवर ३४.६ दिसेपर्यंत छोट्या स्क्रू ड्रायव्हरने गेन सावकाश वाढवावा. सबवूफरची क्षमता कमी असेल, तर हिशेब तिचाच धरावा. मात्र मीटर आकडा दाखवतो, लहरीचा आकार दाखवत नाही. त्यामुळे ऑसिलोस्कोप असलेल्या तंत्रज्ञाकडून सबवूफर जोडून एकदा तपासणी करून घ्यावीच.

प्रश्न : दुकानदाराने बेस बूस्ट पूर्ण ठेवून दिला आहे. सबवूफरला जळका वास येतो. तो म्हणतो, नवा असताना असे होतेच.

असे होत नाही, आणि हे उत्तर वाचून होताच सबवूफर बंद करावा. बेस बूस्ट ६ डेसिबलने वाढवला, की त्या पट्ट्यातील स्वरासाठी अ‍ॅम्प्लिफायरकडे चौपट ताकद मागितली जाते. १२ डेसिबलला सोळापट. अ‍ॅम्प्लिफायरजवळ ती नसते, म्हणून लहरीचे माथे सपाट कापले जातात, आणि पूर्ण चौकोनी झालेली लहर तेवढ्याच उंचीच्या गोलाईदार लहरीच्या दुप्पट ताकद सबवूफरच्या कॉइलमध्ये, म्हणजे त्याचा शंकू हलवणाऱ्या तारेच्या वेटोळ्यात, ओतते. कॉइलच्या तारेवरचा वार्निशाचा थर तपकिरी पडतो, गोंद सुटतो, आणि वास येतो तो त्याचाच. अ‍ॅम्प्लिफायर बंद करून दोन्ही हातांची बोटे शंकूवर समोरासमोर ठेवून तो हलकेच, सरळ आत दाबावा. खरखर लागली, तर कॉइल घासू लागली आहे. दुकानात पहिल्या पाच मिनिटांत गिऱ्हाईक खूश व्हावे म्हणून ही कळ फिरवली जाते आणि कॉइलची किंमत तुम्ही मोजता, याची मला मनापासून चीड आहे. खरखर नसली, तरी पुन्हा वाजवण्यापूर्वी स्पीकर दुरुस्त करणाऱ्याला दाखवावा. ‘पुढच्या रविवारी बघू’ म्हणून तो वाजवत राहू नये.

प्रश्न : अ‍ॅम्प्लिफायरच्या खोक्यावर ३००० वॅट लिहिले आहे, फ्यूज मात्र ३० अँपिअरचा एकच आहे. हिशेब कोणता आकडा धरून करावा?

३० अँपिअर आणि १४ व्होल्ट यांचा गुणाकार ४२० वॅट होतो. आत जाणारी ताकदच एवढी असेल, तर बाहेर सतत ३००० येणे अशक्य आहे. माहितीपत्रकातील आरएमएस आकडा धरावा. तो दिलेलाच नसेल, तर खरेदीपूर्वी जाणकाराला विचारावे.

प्रश्न : इंजिनाच्या वेगाबरोबर शिट्टी वाढते. गेन कमी केल्यास चालेल का?

शिट्टी दबेल, दोष राहील. बहुधा अ‍ॅम्प्लिफायरचे अर्थिंग (गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या तारेचे टोक) रंगावरच आवळलेले असते. ते खरवडलेल्या उघड्या पत्र्यावर हवे. ऑटो इलेक्ट्रिशियनकडून ते करून घेताना, बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत मुख्य तारेला फ्यूज आहे का, हेही पाहून घ्यावे. तो नसेल, तर बसवेपर्यंत ती तार बॅटरीवरून काढून ठेवावी.