सोप्या गणिताने टक्के वाढतील, पण पुढे काय?

नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. लेक पुढच्या वर्षी नववीत जाईल. शाळेत गणिताचे दोन अभ्यासक्रम आहेत, एक सोपा, एक वरच्या पातळीचा. यंदा तिला गणितात शंभरपैकी ५८ पडले, म्हणून वर्गशिक्षिका सोपा घ्यायला सांगतात. टक्केवारी सुधारेल म्हणतात. तुम्हाला धास्ती आहे की पुढच्या वाटा बंद होतील. (ती स्वतः काय म्हणते, हे पत्रात कुठेच नाही. आधी तिला विचारा.)

तुमची धास्ती अनाठायी नाही. क्लिफर्ड अॅडेलमन यांनी अमेरिकेच्या शिक्षण खात्यासाठी केलेला एक अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी विद्यार्थ्यांचा शाळेपासून पदवीपर्यंत माग काढला. कोण पदवी पूर्ण करेल याचा अंदाज वर्गातल्या क्रमांकावरून किंवा चाचणीच्या गुणांवरून येतो, त्याहून चांगला मुलांनी शाळेत कोणते विषय किती खोल शिकले यावरून येतो, असं त्यांना दिसलं. त्यातही गणित कुठवर नेलं, याला मोठं वजन होतं. आता, अवघड विषय घेणारी मुलं बरेचदा मुळातच तयारीची असतात, तेव्हा सगळं श्रेय अभ्यासक्रमाच्या पदरात टाकू नये.

नुसतं वरच्या वर्गात बसवून भागत नाही, हे शिकागोत दिसलं. तिथल्या सरकारी शाळांनी १९९७ मध्ये कच्च्या मुलांचे सोपे वर्ग बंद केले आणि नववीत सरसकट बीजगणित सक्तीचं केलं. नापासांचं प्रमाण वाढलं, चाचण्यांतले गुण होते तिथेच राहिले. मग २००३ पासून गणितात मागे असलेल्यांना बीजगणिताचे दुप्पट तास दिले. पात्रतेच्या रेषेजवळची जी मुलं या जादा तासांना बसली, त्यांच्यातली अधिक मुलं पुढे शाळा पूर्ण करून कॉलेजात गेली.

म्हणून माझं मत: वरचा अभ्यासक्रम घ्या, पण आठवड्यातले दोन-तीन तास मागची कसर भरून काढायला राखून ठेवा. कसर कुठे आहे ते ५८ हा आकडा सांगणार नाही, उत्तरपत्रिका सांगतील. मागच्या दोन-तीन घेऊन तिच्यासोबत बसा. −३(क्ष − ४) हा कंस सोडवताना तिने −३क्ष − १२ लिहिलंय का? अपूर्णांकांची बेरीज करताना छेदांचीही बेरीज केली आहे का? अशा चुका दर पानावर असतील, तर अडचण चिन्हांची आणि अपूर्णांकांची आहे, ती काही महिन्यांच्या सरावाने सुटते. सोप्या अभ्यासक्रमात गेली तरी या चुका तिच्यासोबत येतीलच. शाब्दिक उदाहरणं कोरी सोडली असतील, तर मात्र वेळ जास्त लागेल. तिथे वाचून समजण्यापासूनच सुरुवात करावी लागते.

शाळेला दोन गोष्टी विचारा आणि उत्तरं लेखी घ्या. सहामाहीनंतर वरून खाली येता येतं का, आणि खालून वर जाता येतं का? पहिलं बहुतेक ठिकाणी जमतं, दुसरं क्वचित. तुमच्या निर्णयाला हाच फरक सगळ्यात जास्त उपयोगी आहे.

दुसऱ्या भाषेबद्दलही विचारलंय. जी तिला आवडते ती घेऊ द्या, तिथे टक्क्यांचा हिशेब नको. फक्त गणिताच्या जोडीला आणखी दोन जड विषय त्याच वर्षी घेऊ नका.

सहामाहीचा निकाल लागला की उत्तरपत्रिकांसह पुन्हा लिहा, आणि या वेळी दोन ओळी तिच्याकडूनही येऊ द्या.