बाबांचा प्लॉट भलत्यानेच विकला!

प्रश्न: घरी फेरफाराची (जमिनीच्या नोंदीत मालकाचं नाव बदलण्याची) नोटीस आली तेव्हा कळलं की खोटे बाबा उभे करून कुणीतरी खरेदीखत केलंय, दस्तावर अंगठ्याशेजारी फोटोही भलत्याचाच. दस्त रद्द करता येत नाही म्हणतात, खरंय का?

उत्तर: ताई, अर्धंच खरंय. नोंदणी कायदा १९०८चा, दुय्यम निबंधक (दस्त नोंदवणारा अधिकारी) मालकी तपासतच नाही आणि एकदा नोंदलेला दस्त त्याला रद्द करता येत नाही, म्हणून रद्द करायला दिवाणी कोर्टच, तेही कळल्यापासून ३ वर्षांत. पण आधी तलाठ्याकडे फेरफाराला लेखी हरकत द्या, १५ दिवसच असतात, पोच घ्याच! तोतयेगिरीला नोंदणी कायद्याच्या कलम ८२खाली ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पोलिसात आजच जा. तमिळनाडूने २०२२ साली जिल्हा निबंधकाला खोटे दस्त रद्द करायचा अधिकार दिला, त्यावरही कोर्टबाजी झाली. माझं म्हणणं, मूळ मालकाला मेसेज गेल्याशिवाय दस्त नोंदवायचाच नाही असा कायदा हवा.