वर्षभर गावात शिकून मुलगी मागे पडेल का?

प्रश्न : माझी मुलगी डॉक्टर होतेय. पुढचं वर्षभर ग्रामीण दवाखान्यात राहून शिकायचा पर्याय तिने घेतलाय. मोठ्या हॉस्पिटलमधल्या मुलांच्या ती मागे पडेल का?
– एक आई

ताई, ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठाने १९९७ साली आठ विद्यार्थी असेच वर्षभर गावाकडच्या डॉक्टरांकडे पाठवले, तेव्हा हीच शंका होती. पुढे निकाल ताडून पाहिले, तर शहरातल्या हॉस्पिटलात शिकलेल्या सोबत्यांपेक्षा गावाकडची मुलं सरस ठरली. कॅनडात नॉर्दर्न ओंटारियोच्या मेडिकल स्कूलमध्ये तर तिसऱ्या वर्षी सगळेच आठ महिने लहान-मध्यम गावांत-शहरांत शिकतात.

मला यात नवल वाटत नाही. मोठ्या हॉस्पिटलात विद्यार्थ्यासमोर पेशंट येतो तोवर बहुधा आजाराचं नाव ठरलेलं असतं, आणि पोस्टिंग, म्हणजे शिकायचा विभाग, बदललं की पेशंट सुटतो. गावात समोरची बाई ‘अंगात ताकद नाही’ एवढंच सांगते. ॲनिमिया, थायरॉईड, क्षयरोग की मनावरचा ताण, विचार तिथून सुरू करावा लागतो. पंधरा दिवसांनी तीच बाई परत येते. गोळ्या घेतलेल्या नसतात, आणि का नाही घेतल्या, ते तिच्या घरी गेल्यावर कळतं. एकाच गरोदर बाईची पहिली तपासणी, बाळंतपण आणि पुढे बाळाची लस, हे सगळं एका विद्यार्थिनीला पाहता येणं मला फार मोलाचं वाटतं.

दुर्मिळ आजार आणि मोठ्या शस्त्रक्रिया तिथे कमी दिसतील, हे खरं. तिला सर्जनच व्हायचं असेल तर ती कसर पुढे भरून काढावी लागेल.

माझी काळजी वेगळीच आहे. घरोघरी फॉर्म भरून घेण्यापलीकडे काहीच न शिकवणारे कार्यक्रमही ग्रामीण शिक्षणाच्या नावाने चालतात. म्हणून कॉलेजला स्पष्ट विचारा : शिकवणारे डॉक्टर रोज वेळ देणार का? एका दवाखान्यात विद्यार्थी किती? पेशंट ती स्वतः आधी तपासणार, की कोपऱ्यात उभी राहणार? पुढे सेवेचा बाँड आहे का? जपानच्या जिची विद्यापीठात पदवीनंतर साधारण नऊ वर्षं आपल्या प्रांतात काम करावं लागतं, तेव्हा हे आधीच वाचून घ्यावं.

राहायची सोय कशी आहे आणि रात्रीच्या कॉलला सोबत कोण असतं, हे मात्र कॉलेजला नको, आत्ता तिथे शिकणाऱ्या मुलींना विचारा.