दीड कोटी कशासाठी हवे होते?

प्रिय भाऊ,

शेतातली मोटर मोबाईलवरून चालवणाऱ्या तुझ्या डब्याची पिच डेक (गुंतवणूकदारांना दाखवायच्या स्लाइड), हिशेबाची एक्सेल आणि गुंतवणूकदारांच्या नकाराचे सगळे मेल वाचले. ‘पुण्या-मुंबईवाले खान्देशातल्या पोरांना पैसे देत नाहीत’ असं तू शेवटी लिहिलंयस. त्यात थोडं तथ्य आहेही. पण ते कारण आपण बाजूला ठेवू, कारण त्यावर तुला काही करता येण्यासारखं नाही. तुझ्या एक्सेलमध्ये करण्यासारखं बरंच आहे.

आधी मेलबद्दल. ‘थोडं ट्रॅक्शन (म्हणजे वाढती विक्री) दिसू द्या, मग बोलू’ म्हणजे नाही. ‘आम्ही तुमच्यावर लक्ष ठेवून आहोत’ म्हणजेही नाहीच, फक्त जरा गोड बोलून. या दोन वाक्यांवर विसंबून तू आठ महिने दोन पोरांचे पगार खिशातून दिलेस. होकार देणारा माणूस तारीख देतो आणि कागदपत्रं मागतो. ते झालं नाही तर नकार धरून चालायचं आणि आपल्या कामाला लागायचं.

आता मुद्द्याचं. तू दीड कोटी मागितलेस. त्यातले 46 लाख हजार डब्यांच्या मालासाठी, 18 लाख साच्यांसाठी, 40 लाख डीलरांच्या उधारीसाठी आणि उरलेले 46 लाख पगार-भाड्यासाठी. म्हणजे एक कोटी चार लाख गोडाऊनमध्ये, लोखंडात आणि दुसऱ्याच्या वहीत जाणार. समोर बसलेल्या गुंतवणूकदाराने पहिली पाच मिनिटं तुझा मोटर चालू-बंद होण्याचा व्हिडिओ बघितला असेल, पण नंतर त्याची नजर याच पानावर थांबली असणार. ज्या प्रश्नाचं उत्तर कुणालाच माहीत नाही ते शोधायला तो पैसा देतो. उत्तर बरोबर निघालं तर त्याचे अनेक पट होतात, चुकलं तर बुडतात. माल भरायला आणि उधारी चालवायला त्याचा पैसा घेणं म्हणजे सगळ्यात महाग पैसा सगळ्यात साध्या कामाला लावणं. त्याच्या फंडाची मुदतही साधारण आठ-दहा वर्षांची असते, तेवढ्यात त्याला बाहेर पडायचं असतं. चोपडा, यावल, रावेर मिळून तुझा धंदा छान चालू शकतो, त्यावर दोन घरं सुखात जगतील. पण त्या फंडाला ते पुरत नाही. त्याचं तुझ्या डब्याशी भांडण नव्हतं.

एका नगाचा हिशेब तू केलास, पण अर्धवट सोडलास. किंमत 8,500. त्यातून 18 टक्के जीएसटी गेला की साधारण 7,200 राहतात. डीलरचे 15 टक्के काढले की 6,120. माल 4,600 आणि जुळणी-तपासणीचे 700 वजा केले की हातात 820. इथे तू रेघ मारलीस. पण तुझ्याच दुसऱ्या शीटवर लिहिलंय की गेल्या हंगामात शंभरातले बारा डबे परत आले. नवा डबा आणि शेतापर्यंतची चक्कर धरून बदलीचे सहा हजार धर. ते सगळ्या नगांवर वाटले की प्रत्येकी 720. उरले शंभर रुपये. आणि डब्यातल्या सिमचं वर्षाचं रिचार्ज तूच भरतोयस! हजार डबे विकले असतेस तर तोटा जास्त जोरात झाला असता, एवढाच फरक.

परत आलेल्यांपैकी तू माझ्याकडे ठेवलेला एक डबा मी उघडला. केबल ग्लँड (वायर आत शिरते तिथलं बूच) नीट आवळलेलं नव्हतं. पाणी शिरलं असेल म्हणून बघायला गेलो तर आत मुंग्या. रिलेच्या (मोटर चालू-बंद करणाऱ्या स्विचच्या) दोन पॉइंटांमध्ये भाजून त्यांचा काळा चुरा झालाय, त्यामुळे रिले बसतच नाही. शेतकरी म्हणणार, मोबाईलवरून मोटर चालू होत नाही. तू ऑफिसात बसून सर्व्हरचे लॉग तपासणार. आणि तुझा ओलाव्याचा सेन्सर! आपली काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते. सेन्सरभोवती हवा भरली की रान ओलं असलं तरी तो कोरडं सांगतो. हे पुण्याच्या लॅबमध्ये कधीच दिसणार नाही, मे महिन्यात बांधावर दिसतं. त्यात इथे पारा 45 च्या वर जातो, म्हणजे उन्हात टांगलेल्या बंद डब्यात किती तापत असेल विचार कर. शिवाय थ्री फेज येतानाच्या झटक्यात डब्यातला पॉवर सप्लाय जळतो तो वेगळाच.

गंमत म्हणजे गुंतवणूकदाराला सांगण्यासारखी खरी गोष्ट हीच होती. शंभरात परत येणारे डबे बारावरून दोनवर कसे आणणार, त्याला किती महिने आणि किती पैसे लागतील, एवढंच मागितलं असतंस तर रक्कम वीस-पंचवीस लाखांत बसली असती. त्या आकाराच्या पैशाची दारंही वेगळी आहेत. केंद्राच्या निधी-प्रयास योजनेत प्रोटोटाइपसाठी (पहिल्या नमुना यंत्रासाठी) 10 लाखांपर्यंत मदत असते. 2021 मध्ये आलेल्या स्टार्टअप इंडिया सीड फंडाची रचनाच बघ: प्रोटोटाइप आणि चाचणीसाठी 20 लाखांपर्यंत अनुदान, पण बाजारात उतरायला 50 लाखांपर्यंत कर्ज किंवा नंतर शेअरमध्ये बदलणारं कर्ज. सरकारी कागदानेसुद्धा दोन कामांचे दोन पैसे वेगळे केलेत. तू एकाच पिशवीत घातलेस. आज कोणती खिडकी उघडी आहे आणि तुझी कंपनी नियमात बसते का, ते आपल्या विद्यापीठाच्या इनक्युबेशन केंद्रात (नव्या कंपन्यांना आधार देतात तिथे) जाऊन विचार. एजंटाला विचारू नकोस, तो टक्केवारी मागेल.

माल आणि उधारीसाठी बँक. हो, बँक. तारण नाही म्हणून तू तिकडे फिरकला नाहीस. सीजीटीएमएसई या सरकारी ट्रस्टची विनातारण कर्जावरची हमी नेमकी अशाच सूक्ष्म-लघु उद्योगांसाठी आहे. मॅनेजर तरी का-कू करतीलच, पण हातात ऑर्डर असली की बोलणं सोपं होतं. आणि तुझ्याकडे ऑर्डर नव्हत्या, कौतुक होतं. चोपड्याचा तो शेतकरी तुझ्या व्हिडिओत म्हणतो, “यंत्र झकास शे भाऊ, पैसा नंतर देसू.” व्हिडिओ तू डेकमध्ये घातलास आणि दुसरं अर्धं वाक्य कापलंस! केळी लावल्यापासून कापेपर्यंत वर्ष जातं. मृगबागवाल्याचा (पावसाळ्याच्या सुरुवातीला केळी लावणाऱ्याचा) पैसा कधी येतो, कांदेबागवाल्याचा (पावसाळ्यानंतर लावणाऱ्याचा) कधी, हे मांडून विक्रीचा महिना ठरव. पाचशे रुपये का होईना, आगाऊ घेतल्याशिवाय नाव वहीत लिहू नकोस.

पेबल या स्मार्ट घड्याळवाल्यांनाही गुंतवणूकदारांकडून पुरेसा पैसा मिळत नव्हता. 2012 मध्ये त्यांनी किकस्टार्टर या वेबसाइटवर थेट ग्राहकांकडून एक कोटी डॉलरपेक्षा जास्त आगाऊ गोळा केले. पुढे 2016 च्या अखेरीस कंपनी संपलीच, फिटबिटने उरलंसुरलं घेतलं. म्हणजे आगाऊ पैसा हा काही रामबाण नाही. पण माल करण्याआधी तो कुणाला हवाय एवढं तरी कळतं. आपल्या जळगावात भवरलाल जैन यांनी 1963 मध्ये घरच्या सात हजार रुपयांवर सुरुवात केली ती रॉकेल विकण्यापासून. कारखाना 1978 मध्ये, ठिबक त्याच्याही नंतर. मधली वर्षं शेतकऱ्याला माल विकण्यात गेली. त्याची उधारी कधी फिटते, हे त्यांना मशीन घेण्याआधीच माहीत झालं असणार. तुला पंधरा वर्षं थांबायला सांगत नाही, एक हंगाम थांब.

साचे आत्ता बनवू नकोस. बाजारात तयार आयपी-65 (धूळ-पाणी आत न शिरणारे) डबे मिळतात, दिसायला गबाळे असतात, चालतील. सेन्सर वेगळा काढ, आधी फक्त मोटरचा डबा विक. तीन तालुके सोडून एकच घे, म्हणजे चक्कर स्वस्त पडेल. ड्रिपच्या डीलरला माल दिलास तर उद्यम नोंदणीचा (लघुउद्योगाच्या सरकारी नोंदणीचा) नंबर बिलावर छाप आणि मुदत लेखी घे. लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवस, नसेल तर 15. त्यानंतर थकलं तर त्याला त्या वर्षी तो खर्च आयकरात धरता येत नाही, हे त्याच्या सीएला माहीत असतं. शेतकऱ्याला मात्र हे लागू नाही, तिथे आगाऊच.

ज्या पाच जणांनी नाही म्हटलं त्यांना एक-एक छोटा मेल टाक. पैसे मागू नकोस. कंपनीचं काय चाललंय, परत येणाऱ्या डब्यांचा आकडा कुठून कुठे आला, एवढंच लिही. त्यातल्या एकाने वॉरंटीचा प्रश्न विचारला होता, त्याला फोनच कर.

आणि एक. तुझा मोठा भाऊ सातबाऱ्यावर बोजा चढवायला तयार आहे असं तू लिहिलंस. तसं करू नको. ज्या डब्यात अजून मुंग्या शिरतायत त्याच्यासाठी रान गहाण पडता कामा नये. घरी हे बोलणं अवघड जात असेल तर माझं नाव सांग, मी बोलतो त्याच्याशी. येताना परत आलेले बाकीचे डबेही पोत्यात घालून आण, धुऊन-पुसून नको, आहेत तसे. सगळे उघडून बघू.

तुझा,
काका