शेवटचं पान नसलेलं वर्तमानपत्र

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : दिवसभर फोनवर काही ना काही वाचत असतो, तरी वर्षभरात एक पुस्तक पुरं झालं नाही, लोकांशी सतत बोलणं चालू असतं, तरी बोलल्यासारखं वाटत नाही, बातम्या येतच राहतात, पण विश्वास कशावर ठेवायचा ते कळत नाही. डिजिटल तंत्रज्ञानाने हे नेमकं काय करून ठेवलंय?

सगळे वेगाला दोष देतात. मला ते पटत नाही. वेग तर तारायंत्रापासून आहे. माझ्या मते या तिन्ही तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे : शेवट नाहीसा झाला.

मी वर्तमानपत्रात उपसंपादक होते, बहुतेक वर्षं रात्रपाळीला. नंतर त्याच वर्तमानपत्राच्या वेबसाइटवर गेले. त्यामुळे हा बदल मी एकाच इमारतीत, दोन मजल्यांवर बघितला. रात्रपाळीत एक वाक्य सारखं कानावर पडायचं : ‘पान सोडलं का?’ पान सुटलं, म्हणजे छपाईला गेलं, की विषय संपला. त्यानंतर जग उलथलं तरी ते उद्याच्या अंकात. हे बंधन तेव्हा जाचायचं, पण त्याच्यामुळेच आज काय घ्यायचं आणि काय सोडून द्यायचं हे कुणाला तरी ठरवावंच लागायचं. वाचकाचंही तसंच होतं. शेवटचं पान उलटलं, अंकाची घडी घातली, बातम्या वाचून झाल्या. ‘बातम्या वाचून झाल्या’ असं आता कोण म्हणतं?

आधी बोलण्याचं सांगते. पत्राच्या शेवटी ‘कळावे’ असायचं. फोनवर ‘ठेवू का?’ असायचं. ‘ठेवू का?’ला कुणी ‘नको’ म्हणत नसे, पण ते विचारलं की दोघंही मोकळी व्हायची. चॅटमध्ये या दोन शब्दांच्या जागी काहीच आलं नाही. तिथलं बोलणं संपत नाही, नुसतं थांबतं, आणि ते का थांबलं याचे अर्थ काढत बसायचं काम समोरच्याच्या गळ्यात पडतं. २०१४च्या नोव्हेंबरात व्हॉट्सॲपने निळ्या खुणा आणल्या आणि या कामात भर पडली. पूर्वी उत्तर आलं नाही तर ‘पाहिलं नसेल’ असं म्हणायला जागा होती. उशिरा उत्तर देण्याची ती सभ्य पळवाट बंद झाली. (सेटिंगमधून या खुणा घालवता येतात. मी घालवल्यात आणि त्यावरून दोनदा बोलणीही खाल्लीत.)

गंमत बघा. ३ डिसेंबर १९९२ला नील पॅपवर्थ या तरुण अभियंत्याने जगातला पहिला एसएमएस संगणकावरून पाठवला. मजकूर होता ‘मेरी ख्रिसमस’. तो ज्या फोनवर पोचला, त्या फोनवरून उलट संदेश पाठवायची सोयच नव्हती! म्हणजे या सगळ्याची सुरुवात उत्तराची वाट न बघणाऱ्या निरोपाने झाली. निरोप आणि गप्पा यांतला फरक पुढे पुसला गेला आणि आपण निरोपाच्या साधनावर गप्पांचा भार टाकला.

एसएमएसवरून आणखी एक आठवलं, थोडं आडवळण आहे. त्याची मर्यादा १६० अक्षरांची, हे बहुतेकांना माहीत असतं. पण ती रोमन लिपीपुरती होती. देवनागरी, अरबी, चिनी लिहायला गेलं की ती थेट ७०वर यायची. संदेशाला जागा १४० बाइटची आणि या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला दोन बाइट लागायचे. त्यात आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी सुट्या मोजल्या जातात, म्हणजे ७०मध्ये दोन धड वाक्यंही बसेनात. आपली भाषा रोमन अक्षरांत लिहायची सवय इतक्या लोकांना लागली, त्याचं हे एक कारण. आता जागेला तोटा नाही, कीबोर्डही मिळतात. सवय मात्र मागे राहिली.

बोलण्याचं नुसतं नुकसानच झालं असं म्हणणं खोटेपणाचं होईल. लिखित संदेशाने कर्णबधिर माणसांना जे दिलं, ते टेलिफोनने शंभर वर्षांत दिलं नव्हतं. जी माणसं पूर्वी शाळा सुटल्यावर अर्जाखेरीज एक ओळ लिहीत नसत, ती आज रोज पानभर लिहितात. शुद्धलेखनावर नाकं मुरडणाऱ्यांनी हे एकदा लक्षात घ्यावं. मी स्वतः मुरडत असे.

आता तुमच्या पुस्तकाकडे येते. २००६च्या सुमारास अझा रास्किन या डिझायनरने पान न उलटता मजकूर खालून येतच राहील अशी रचना केली. ‘पुढचं पान’ दाबण्याचे कष्ट वाचावेत हा हेतू. पुढे त्याने जाहीरपणे खंत व्यक्त केली, ती याचसाठी की ते कष्ट म्हणजे थांबायची जागा होती. पुस्तकाला प्रकरणं असतात, उजव्या हातातली पानं कमी होत जातात, कुठवर आलो ते बोटांना कळतं. सरकत्या पडद्यावर यातलं काहीच नसतं. तिथे तुम्ही थांबता ते कंटाळून, नाहीतर बॅटरी संपते म्हणून. पुरं केल्याचं समाधान मिळत नाही ते त्यामुळे. तुमचं वाचन कमी झालेलं नाही, काही वाचून पुरं होणं थांबलंय.

कागद बरा की पडदा, हा वाद मी फार वर्षं मतांवरच ऐकला. २०१८मध्ये ५४ अभ्यासांचा एक एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात एक लाख सत्तर हजारांहून अधिक वाचक होते. निष्कर्ष असा : माहितीपर मजकूर कागदावर जास्त चांगला समजतो, आणि वेळेचं बंधन असेल तर हा फरक आणखी वाढतो. नवी पिढी सरावेल, फरक मिटेल, असं सगळे धरून चालले होते. तो वर्षांगणिक मिटण्याऐवजी थोडा वाढलेलाच दिसला. पण कथात्म मजकुरात असा फरक आढळला नाही. म्हणून तुमचं अर्धवट राहिलेलं पुस्तक कादंबरी असेल तर पडद्याला दोष देऊ नका. दर चार मिनिटांनी वाजणाऱ्या सूचनांना द्या. ते अभ्यासाचं किंवा विचाराचं पुस्तक असेल, तर खुशाल कागदी प्रत घ्या. माझ्यापुरता मी हाच नियम केलाय आणि तो बरा चाललाय.

पत्रकारितेवर मात्र मी जरा जास्त बोलणार आहे.

वर्तमानपत्र हा एक गठ्ठा होता. राजकारण, खेळ, शब्दकोडं, राशिभविष्य, छोट्या जाहिराती, सगळं एकाच घडीत. नगरपालिकेच्या बैठकीत चार तास बसून आलेल्या बातमीदाराचा पगार ती बातमी वाचणाऱ्यांच्या पैशातून निघत नसे. तो घर भाड्याने देणाऱ्यांच्या, नोकरीसाठी माणूस शोधणाऱ्यांच्या आणि जुनी गाडी विकणाऱ्यांच्या जाहिरातींतून निघायचा. इंटरनेटने बातमीला हात लावण्याआधी हा गठ्ठा सोडला. अमेरिकेत १९९५ला क्रेग न्यूमार्क या माणसाने सुरू केलेल्या क्रेगलिस्टसारख्या साइटवर छोटी जाहिरात फुकट झाली. तिथल्या वर्तमानपत्रांचं जाहिरातींचं उत्पन्न २००५मध्ये सुमारे ४९ अब्ज डॉलर होतं, २०२०मध्ये ते १० अब्जांच्याही खाली आलं. डेन्व्हरचं ‘रॉकी माउंटन न्यूज’ २७ फेब्रुवारी २००९ला बंद पडलं, दीडशे वर्षं पुरी व्हायला दोन महिनेही उरले नव्हते. १७०३ साली निघालेल्या व्हिएन्नाच्या ‘वीनर त्साइटुंग’चा छापील दैनिक अंक ३० जून २०२३ला थांबला. लोकांना बातम्या नकोशा झाल्या म्हणून हे झालं नाही. बातम्या वाचल्या जातच होत्या. त्यांचा खर्च दुसरं कुणीतरी परस्पर भागवत होतं, ते निघून गेलं.

मग उरलेल्यांनी दोन वाटा धरल्या. एक, वाचकाकडून थेट पैसे घेणं. न्यूयॉर्क टाइम्सने मार्च २०११मध्ये वेबसाइटला पैशांची भिंत घातली तेव्हा पुष्कळांनी वेड्यात काढलं. २०२३पर्यंत त्यांचे वर्गणीदार एक कोटीवर गेले. पण अशी भिंत मोठ्यांना परवडते, आणि तिच्याबाहेर राहणाऱ्याला फुकट मिळतं ते बहुतेक भेसळीचंच. दुसरी वाट क्लिकची. मी त्या वाटेवर होते.

वेबच्या मजल्यावर भिंतीला एक मोठा पडदा होता. त्यावर कुठली बातमी या क्षणी किती जण उघडून बसलेत त्याचा आकडा. छापील अंकात मथळा एकदाच द्यायचा, तो बिघडला तर सकाळी शिव्या खायच्या. इथे मी एका तासात एकाच बातमीचा मथळा चार वेळा बदललाय, आणि प्रत्येक वेळी बातमीत नसलेलं कणभर जास्त मथळ्यात घातलंय. मला कुणी सांगितलं नव्हतं. आकडा वर जाताना बघितला की हात आपोआप वळतो.

एकदा एका आगीच्या बातमीत जखमींचा आकडा चुकला. आम्ही अकरा मिनिटांत दुरुस्त केला. छापील अंकाच्या हिशेबाने हा विक्रमच. पण त्या अकरा मिनिटांतला स्क्रीनशॉट पुढे दोन वर्षं फिरत होता आणि दर पावसाळ्याच्या तोंडाशी ‘हे दडपलं गेलं’ अशा ओळीसह परत यायचा. छापील अंकातली चूक ज्यांनी वाचली, त्यांच्याच हातात दुसऱ्या दिवशी खुलासा पडायचा. कोपऱ्यात, बारीक टायपात, पण पडायचा. इथे चूक एका गर्दीने वाचली आणि दुरुस्ती दुसऱ्याच गर्दीने. चूक वाचलेल्यांना गाठण्याचा मार्गच नाही. पत्रकारितेवरचा विश्वास उडाला त्यामागे मला हे कारण सगळ्यांत मोठं वाटतं, आणि याविषयी सगळ्यांत कमी बोललं जातं.

‘सायन्स’ या नियतकालिकात २०१८मध्ये एक अभ्यास आला. ट्विटरवर २००६ ते २०१७ या काळात पसरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार खऱ्या-खोट्या बातम्या त्यात तपासल्या होत्या. खोटी बातमी पुढे ढकलली जाण्याची शक्यता खऱ्यापेक्षा ७० टक्क्यांनी जास्त निघाली. खऱ्या बातमीला दीड हजार लोकांपर्यंत जायला खोटीच्या सहापट वेळ लागला. आणि यंत्रं, म्हणजे बॉट, बाजूला काढले तरी चित्र तेच राहिलं. पसरवणारे आपणच.

मात्र वाट अडवली की फरक पडतो. खूप वेळा फॉरवर्ड झालेला संदेश एका वेळी एकाच चॅटमध्ये पाठवता येईल, असं बंधन व्हॉट्सॲपने एप्रिल २०२०मध्ये घातलं. कंपनीनेच सांगितल्याप्रमाणे असे संदेश ७० टक्क्यांनी घटले. कुणाचं प्रबोधन केलं नाही, काही काढून टाकलं नाही. नुसता एक अडसर घातला.

आणि जे पूर्वी शक्यच नव्हतं असंही बरंच घडलंय. २०१६ची पनामा पेपर्स बघा : पनामातल्या एका वकिली कंपनीतून फुटलेली १ कोटी १५ लाख कागदपत्रं, सुमारे ऐंशी देशांतले ३७०वर पत्रकार, वर्षभर गुपचूप एकाच शोधयंत्रावर काम करत होते. कागदाच्या जमान्यात ते ठेवायला गोदाम लागलं असतं, आणि गुपित आठवडाभरही टिकलं नसतं. जानेवारी २००९मध्ये न्यूयॉर्कच्या हडसन नदीत विमान उतरलं तेव्हा गाजलेला पहिला फोटो कुठल्या छायाचित्रकाराचा नव्हता. मदतीला निघालेल्या फेरीबोटीतल्या एका प्रवाशाने तो फोनवर काढला होता.

विश्वास कशावर ठेवायचा याचं सूत्र माझ्याकडे नाही. मी एवढंच बघते की बातमीखाली दुरुस्तीची नोंद करायची पद्धत त्या ठिकाणी आहे का. जिथे वर्षभरात एकही दुरुस्ती दिसत नाही, तिथे चुका होत नाहीत असं समजण्याइतकी मी भोळी राहिलेली नाही. आणि मोठी घटना घडली की पहिले काही तास बातम्या उघडतच नाही. त्या वेळात काय काय छापलं जातं, ते मी छापलंय.

एक गोष्ट राहिली. शेवट नसलेल्या या मजकुराला टिकाऊपणही नाही. प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेने २०२३मध्ये तपासलं तेव्हा २०१३मधल्या वेबपानांपैकी ३८ टक्के उघडतच नव्हती. माझं तसंच झालं. वेबसाइटची रचना दोनदा बदलली आणि मी तिथे पहिल्या तीन वर्षांत लिहिलेलं सगळं गेलं. लिंक दाबली की रिकामं पान येतं. रात्रपाळीतली कात्रणं मात्र फाइलमध्ये आहेत, पिवळी पडलेली, कडा तुटणारी. त्यांतल्या एकात मी मंत्र्याचं खातं चुकीचं लिहिलंय. शेजारी दुसऱ्या दिवशीच्या खुलाशाचं कात्रण मीच चिकटवलेलं आहे.