दोन दिवस पुढे पळालेल्या तारखा

प्रश्न: एक्सेलची फाइल आरमध्ये (आकडेवारीसाठीची संगणकीय भाषा) घेतली तर तारखेच्या रकान्यात ४३८३१ असले आकडे आले, काही ठिकाणी मात्र '२५/०३/२०२१' असा मजकूर तसाच राहिला. १ जानेवारी १९०० पासून दिवस मोजले, तर सगळ्या तारखा दोन दिवस पुढे जातात. सरळ दोन वजा करू का?

उत्तर: करा, पण ते दोन कुठून आले तेही बघा. एक्सेल १ जानेवारी १९०० ला शून्य नव्हे, १ म्हणतं. एक दिवस तिथे. दुसरा २९ फेब्रुवारी १९०० चा, जो कधी उजाडलाच नाही. १९०० हे शतकाचं वर्ष, पण त्याला ४०० ने भाग जात नाही, म्हणजे ते लीप वर्ष नव्हे. लोटस १-२-३ या एक्सेलच्या आधीच्या स्प्रेडशीट प्रोग्रॅममधली ही चूक एक्सेलने जुन्या फाइली चालाव्यात म्हणून जाणूनबुजून ठेवली. म्हणून आरला सुरुवात ३० डिसेंबर १८९९ सांगा. ४३८३१ म्हणजे १ जानेवारी २०२०. सुरुवात सांगितलीच नाही, तर नवं आर १९७० पासून मोजून थेट २ जानेवारी २०९० दाखवतं. अशी चूक निदान डोळ्यांत तरी भरते!

दोन दिवसांची भरत नाही. मी स्वतः फसले आहे. जन्मतारीख आणि तपासणीची तारीख दोन्ही सारख्याच सरकलेल्या, त्यामुळे वयं अचूक. सहज वार काढून पाहिले तेव्हा रविवारी बंद असणाऱ्या दवाखान्यात ढीगभर रविवारच्या तपासण्या निघाल्या. ते सगळे शुक्रवार होते. तेव्हापासून वार आधी, बाकीचं नंतर.

फाइल जुन्या मॅकवरची असेल तर मोजणी १९०४ पासूनची असू शकते. फरक १४६२ दिवसांचा.

खरी भीती मला तुमच्या त्या मजकुराची वाटते. महिना आधी मानणाऱ्या संगणकावर दिवस आधी लिहिलेली फाइल उघडली, की २५/०३ त्याला कळत नाही, म्हणून ते मजकूर राहतं. पण ०३/०४ तो बिनबोभाट ४ मार्च करून टाकतो. म्हणजे बिघडलेल्या दिसतात त्या तारखा शाबूत, आणि नीट आकडा झालेल्या उलट्या! आकड्यांतून निघालेल्या तारखांचे दिवस मोजा. एकही १२ च्या वर नसेल, तर दुरुस्तीच्या फंदात न पडता मूळ फाइल मागवा आणि तो रकाना मजकूर म्हणूनच आत घ्या.