वाचक विचारतात : डॉमिनिकन माणसाचं आडनाव नेमकं कुठलं?

प्रश्न : मी न्यू जर्सीत राहते. आमच्या टीममध्ये डॉमिनिकन रिपब्लिक या कॅरिबियन बेटावरच्या देशातली एक मुलगी नवीन आलीय, तिचं नाव चार शब्दांचं आहे आणि त्यातला दुसरा शब्द आल्ताग्रासिया. मी शेवटचा शब्द आडनाव म्हणून सिस्टिममध्ये टाकला तर ती म्हणाली, ते माझ्या आईकडचं आहे. मग हिचं आडनाव कुठलं धरायचं? आणि आल्ताग्रासिया म्हणजे काय?

उत्तर : ताई, तिसरा शब्द धरा. त्यांच्याकडे आधी स्वतःची एक किंवा दोन नावं, मग वडिलांचं आडनाव आणि मग आईचं, ही स्पॅनिश पद्धत आहे आणि लग्न झालं तरी बाई आपली दोन्ही आडनावं ठेवते. रोज हाक मारताना, ओळख करून देताना बहुतेक वेळा वडिलांचंच वापरतात, पण कागदावर आईचं हवंच.

तुमची जी गल्लत झाली ती बेसबॉलवाल्या डेव्हिड ऑर्टिझच्या बाबतीतही झाली होती. त्याचं पूर्ण नाव डेव्हिड अमेरिको ऑर्टिझ आरियास, आरियास हे आईकडचं, आणि १९९२ मध्ये सिअॅटलच्या संघाने त्याला घेतलं तेव्हा सुरुवातीची काही वर्षं तो तिथे डेव्हिड आरियास म्हणूनच खेळला, मिनेसोटाच्या संघात गेल्यावर त्याने स्वतः सांगितलं की मला ऑर्टिझ म्हणा. म्हणून म्हणते, सिस्टिममधलं आजच बदला, पण आईचं आडनाव कापून टाकू नका, दोन्ही राहू द्या. आपल्याकडे महाराष्ट्रात आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव घालायचा नियम झालाय, मला तो मनापासून आवडला, फक्त आपण आईचं पहिलं नाव घालतो आणि त्यांच्यात येतं ते आईचं माहेरचं आडनाव.

आता आल्ताग्रासिया. हे देवीचं नाव आहे असं समजा. इग्वेय गावात मेरीमातेचं एक छोटं जुनं चित्र आहे, तिला आल्ताग्रासिया म्हणतात, म्हणजे थोर कृपा, आणि २१ जानेवारीला तिच्या दर्शनाला देशभरातून माणसं जातात, त्या दिवशी सुट्टी असते. लोक तिला लाडाने तातिका म्हणतात! घरोघरी मुलींना हे नाव असतं, कधी मुलग्याच्या नावातही दुसरं नाव म्हणून येतं. तुमच्या मैत्रिणीला त्या तारखेला आठवणीने शुभेच्छा द्या, खूप बरं वाटेल तिला.

बाकी त्या बेटावर कोण कोण आलं ते नावांत दिसतं. आनाकाओना, काओनाबो ही स्पॅनिश लोक यायच्या आधीपासून तिथे राहणाऱ्या ताइनो लोकांच्या राणी-सरदारांची नावं, स्पॅनिशांनी आनाकाओनाला फाशी दिलं पण मुलींना तिचं नाव अजून ठेवतात. सान पेद्रो दे माकोरीसला साखर कारखान्यांत काम करायला इंग्रजी बोलणाऱ्या बेटांवरून कृष्णवर्णीय मजूर आले, त्यामुळे तिथे ग्रिफिन, कार्टी, डंकन अशी आडनावं भेटतात. २०२० पासून राष्ट्राध्यक्ष असलेले लुईस आबिनादेर यांचं आडनाव लेबनॉनहून आलेलं. बेसबॉल खेळाडू रॉबिन्सन कानोचं नाव वडिलांनी जुन्या अमेरिकन बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सनवरून ठेवलं, आणि बेसबॉलमधलाच व्लादिमिर गेरेरो ऐकून रशियन वाटतो पण पक्का डॉमिनिकन.

मला सगळ्यात जवळचं वाटतं ते पात्रिया मिराबालचं. ती जन्मली २७ फेब्रुवारीला, त्यांच्या स्वातंत्र्यदिनी, म्हणून नाव ठेवलं पात्रिया, म्हणजे मायभूमी. हुकूमशहा त्रुहियोच्या माणसांनी २५ नोव्हेंबर १९६० ला तिला आणि तिच्या दोन बहिणींना, मिनेर्वा आणि मारिया तेरेसाला, मारून टाकलं. हाच दिवस आता जगभर स्त्रियांवरच्या हिंसाचाराविरुद्धचा दिवस म्हणून पाळतात.